पिवळी लाइट आणि अंबाड्याचा आकडा

गॅरेजात जळके फ्यूज कुणी मुद्दाम जमवत नाही. गाडीतून काढला, नवा बसवला, जुना सवयीनं बिस्किटाच्या डब्यात टाकला. असं करता करता एक दिवस डबा सरकवायला जावं तर तो जागचा हलत नाही! गोष्टींचंही तसंच आहे. मी काही त्या गोळा करत नाही. मी आपली दाराशी बसून मेथी निवडते. गोष्टीच गाडीत बसून येतात.

धुळ्याला हायवेला लागून आमचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. माझा मुलगा भटू ते चालवतो. एका मोडीत निघालेल्या जीपची मागची सीट दाराशी टाकली आहे, ती माझी जागा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण गाडीच्या मीटरवरची एकेक लाइट ओळखते. लाल किटली म्हणजे ऑइल. लाल डबी म्हणजे बॅटरी. आणि पिवळा गोल, दोन्ही अंगाला कंस, मधे तीन इंग्रजी अक्षरं, ती एबीएस.

हे एबीएस काय असतं ते माझ्या नातीनं, तेजूनं, मला एकदाच सांगितलं आणि माझ्या डोक्यात बसलं.

"आजी, चार चाकांजवळ चार सेन्सर असतात. चाक किती फिरतंय ते आतल्या कॉम्प्युटरला सांगत राहतात. जोरात ब्रेक मारला आणि एखादं चाक जाम झालं, की कॉम्प्युटर त्याचा ब्रेक जरासा सोडतो, परत धरतो. मग गाडी घसरत नाही."

"आणि एखादा सेन्सर बोललाच नाही तर?"

"मग कॉम्प्युटर पिवळी लाइट लावतो आणि रजेवर जातो. साधा ब्रेक लागतो, पण ही सोय बंद."

म्हणजे आमच्या घरासारखंच की! एक जण रुसला की बाकीच्यांचा स्वयंपाक बंद!

तेजूनं शिरपूरला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि हातात स्कॅनर घेऊन थेट गॅरेजात उभी राहिली. स्कॅनर म्हणजे गाडीला जोडायची पाटी. गाडी आपलं दुखणं त्याच्यावर लिहून देते. भटूकडे मात्र त्याच्या वडिलांचा टेस्ट लॅम्प. एक बल्ब, दोन वायरी, टोकाला सुई. एवढ्यावर त्यानं तीन बहिणींची लग्नं केली.

एबीएसच्या गाड्या भटू हातही न लावता नाशिकला पाठवून द्यायचा. तेजू म्हणाली, "पप्पा, या मी करते."

भटू म्हणाला, "हॉर्नच्या कामात चूक झाली तर गिऱ्हाईक शिव्या देतं. ब्रेकच्या कामात झाली तर शिव्या द्यायला गिऱ्हाईक राहत नाही."

त्यात पुण्याच्या एका शोरूमचं तेजूला नोकरीचं पत्र आलेलं. काम काय, तर गाडीला हात न लावता काउंटरवर उभं राहून 'सर, चहा घेणार?' म्हणायचं. तेजूला ते नको होतं, भटूला हवं होतं. त्यानं ते पत्र हत्यारांच्या फळीवरच्या खिळ्याला टोचून ठेवलं. रोज दिसावं म्हणून!

मग एक दिवस बापलेकीची पैज लागली. भटू रागात आला की अहिराणीत येतो. म्हणाला, "आखाजीलोंग कर. तुनी करेल एकबी गाडी तीच लाइट लिसन वापस उनी ना, मंग पुणं!"

म्हणजे अक्षयतृतीयेपर्यंत मुदत. तेजूनं दुरुस्त केलेली एक जरी गाडी तीच लाइट घेऊन परत आली, तर तिनं पुण्याला जायचं.

आता बघा, आखाजीला आमच्या खानदेशात सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि हा गडी नेमक्या त्या सणाला घरातली लेक बाहेर धाडायला निघाला होता!

* * *

पहिली गाडी आली ती शिरपूरकडच्या एका आबांची. पोळा नुकताच होऊन गेला होता.

आबांची तक्रार अशी, की उजवीकडे वळलं की पिवळी लाइट लागते. डावीकडे वळलं तर नाही.

"किती दिवसांपासून?" तेजूनं विचारलं.

"पंधरा दिन व्हयी ग्यात."

"मग इतके दिवस गाडी चालवली कशी?"

आबांनी छाती पुढे काढली. "डावं-डावं करीसन!"

खरंच! त्या माणसानं गावापासून मार्केट यार्डापर्यंत उजवं वळण न घेता जायचा रस्ता शोधून काढला होता. तीन वाड्या आणि एक नाला जास्तीचा पडायचा, पण लाइट लागायची नाही. घरून निघताना बायको विचारायची, कधी येणार? आबा म्हणायचे, रस्ता नेईल तसा.

तेजूनं गाडी जॅकवर घेतली, स्कॅनर लावला आणि मला हाक मारली. "आजी, आत बस आणि स्टिअरिंग फिरव." मी बसले. देवाची आण, मला फार मजा आली! डावीकडे फिरवलं, काही नाही. उजवीकडे फिरवलं, तेजू खालून ओरडली, "थांब!"

पुढच्या चाकामागून सेन्सरची काळी वायर जाते. स्टिअरिंग फिरलं की तिला वाकावं लागतं, म्हणून ती मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असते. त्या वायरीला आबांनी लाल-पिवळा लोकरी गोंडा बांधला होता. वर सहा घुंगरं! वायर ताणून दुसऱ्या नळीला आवळलेली. उजवीकडे वळलं की ओढ बसायची आणि आतलं तांबं तुटायचं. सरळ केलं की टोकाला टोक लागायचं.

"आबा, हे काय?"

"पोळाना गोंडा. बैल इकी टाकात, आते हाईच मना बैल. मंग सजाडाले नको?"

बैल विकले, आता गाडीच बैल. तिला सजवायला नको? माणसाचं काय चुकलं सांगा! बाहेरून बांधला तर चोर नेतात, म्हणून आत बांधला.

तेजूनं तुटकी वायर कापून नवा तुकडा जोडला, वर नळी चढवली, आणि गोंडा आबांच्या हातात दिला. "आता पुढच्या पोळ्याला आरशाला बांधा."

आबा आरशाकडे बघत राहिले. "आरसाले? त्याले शिंग कोन म्हनी?"

* * *

पारोळ्याच्या एका गुरुजींनी जुनी गाडी घेतली. घेऊन सरळ आमच्याकडे, फक्त दाखवायला. "भटूभाऊ, एकदम क्लीन गाडी! मीटरवर एक लाइट लागत नाही!"

मी मेथी बाजूला ठेवली. म्हटलं, "गुरुजी, चावी फिरवा बरं. इंजिन चालू नका करू."

चावी अर्धी फिरवली की मीटरवरच्या सगळ्या लाइटी एकदा लागतात आणि मग आपापल्या विझतात. ही त्यांची हजेरी. किटली लागली, डबी लागली, हात ब्रेक लागला. माझी कंसवाली पिवळी काही दिसेना.

"तेजू, यातली एक आलेलीच नाही."

भटू हसला. "माय, बल्ब गेला असेल."

तेजूनं मीटर उघडलं. आत एबीएसच्या लाइटीवर काळीकुट्ट टिकली! साधी, कपाळाला लावायची, मोठ्यातली. विकणाऱ्यानं लाइट दिसू नये म्हणून चिकटवून दिली होती. टिकली काढल्याबरोबर पिवळी लाइट भक्कन लागली आणि लागलेलीच राहिली. मागच्या चाकाच्या सेन्सरच्या सॉकेटात पाणी जाऊन पितळेच्या पिना हिरव्यागार झाल्या होत्या. तेजूनं सॉकेट बदललं, चक्कर मारून आली, लाइट बंद.

गुरुजी कितीतरी वेळ ती टिकली बोटावर घेऊन उभे होते.

"अक्का," मला म्हणाले, "जन्मभर पोरांची हजेरी घेतली. जो 'हजर' म्हणालाच नाही, त्याला मी आज पहिल्यांदा हुशार समजलो!"

* * *

आमच्या शेजारचे नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. मुलानं त्यांना नवी गाडी घेऊन दिली. दहा दिवसांत नाना आमच्या दारात.

"तेजू, ब्रेकात बिघाड आहे. दाबला की पायाखाली तडतड करतो. पाय झटकून टाकतो माझा!"

"कुठे झालं?"

"त्या खडीवर. कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला, पाय थरथरला, मी घाबरून काढून घेतला."

"कुत्रं?"

"कुत्रं शहाणं होतं. पळालं."

तेजूनं स्कॅनर लावला. एकही दोष नाही. मग नानांना घेऊन त्याच खडीवर गेली. मीही मागच्या सीटवर बसले. मला कोण ठेवून जातं! वेग घेतला आणि तेजू म्हणाली, "दाबा नाना! काढू नका! दाबून ठेवा!"

तड-तड-तड-तड झालं आणि गाडी शहाण्या बाळासारखी सरळ थांबली.

"नाना, तो बिघाड नाही. तो एबीएस काम करतोय. तुम्ही नुसता पाय ठेवायचा. बाकी ती करते."

घराशी उतरताना नाना म्हणाले, "आख्खी नोकरी ओल्या रस्त्यावर दाब-सोड, दाब-सोड करून माणसं उतरवली गं. आता गाडी म्हणते, नुसता पाय ठेवा. घरी सून म्हणते, नुसते बसा. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की काय?"

* * *

आता माझ्या अंबाड्याची गोष्ट.

जळगावच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग दुसऱ्या कुठल्याशा गॅरेजात बदललं, तेव्हापासून पिवळी लाइट. तिथल्या मेकॅनिकनं दोनदा नवा सेन्सर घातला. लाइट जशीच्या तशी. बाई अशा वैतागलेल्या, की बोलताना गाडीकडे बघतही नव्हत्या.

तेजूनं सेन्सर तपासला, ठीक. वायर तपासली, ठीक. चाक हातानं फिरवलं, स्कॅनरवर त्या चाकाचा वेग शून्य. चाक डोळ्यांपुढे गरगर फिरतंय आणि पाटीवर शून्य!

एकदम उठली, माझ्यामागे आली आणि माझ्या अंबाड्यातला आकडा ओढून घेतला! सगळे केस पाठीवर!

"अगं मेले!"

"आजी, एक मिनिट!"

सेन्सर ज्या भोकात बसतो, त्या भोकातून तिनं आकडा आत धरला आणि सोडला. टिन्न! फरशीवर पडला. परत धरला. परत टिन्न!

मग तिनं सांगितलं. नव्या बेअरिंगांना एका बाजूला काळी रबरी चकती असते. दिसते साध्या सीलसारखी, पण ती चुंबक असते. सेन्सर त्या चुंबकावरून चाकाचा वेग ओळखतो. ती बाजू सेन्सरकडे हवी. त्या मेकॅनिकनं बेअरिंग उलटं ठोकलं होतं. चुंबक तिकडे, सेन्सर इकडे. लाखाचा सेन्सर घातला असता तरी तो आंधळाच राहिला असता.

बेअरिंग काढलं, दुसऱ्या अंगाला आकडा लावला. टुक्कन चिकटला!

नवं बेअरिंग आणलं, आधी आकडा लावून बाजू बघितली, मग बसवलं. लाइट गेली.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मला म्हणाल्या, "आजी, आमच्याकडे तपासणीच्या मोठ्या मशीनमध्ये जाताना बायकांना आकडे काढून ठेवायला लावतात. तुमच्याकडे आकड्यावरच तपासणी होते!"

तेव्हापासून कुठलंही बेअरिंग आलं की तेजू माझ्या डोक्याकडे बघते. मी आता गॅरेजात येताना वेणीच घालून यायला हवं. पण वेणी घातली तर मग आकडा कोण देणार?

* * *

भटूचंही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारी नातीच्या बाजूची.

एका डेअरीवाल्याची पिकअप आली. स्कॅनर लावला तर दुखण्यांची ही लांब यादी! चारही सेन्सर खराब, मोटर खराब, कॉम्प्युटर खराब. तेजू दोन दिवस त्या गाडीखाली. वायरी तपासायचं हातातलं मीटर लावून एकेक वायर मोजली, सगळ्या ठीक. तिसऱ्या दिवशी डोळे लाल करून बसली. डेअरीवाला म्हणतोय, नाशिकला नेऊ का?

भटू चहा पीत होता. कप ठेवला, टेस्ट लॅम्प घेतला. एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली, सुई एबीएसच्या अर्थिंगच्या बोल्टवर टेकवली. बल्ब लागला, पण कसा? आजारी काजव्यासारखा.

बॅटरीखालचा तो बोल्ट त्यानं खोलला. बॅटरीच्या पाण्यानं खाऊन आतून पांढरी भुकटी झालेली. कानस मारली, घट्ट बसवला. आख्खी यादी साफ!

"पण पप्पा, मीटरवर तर अर्थिंग बरोबर दाखवत होतं!"

"मीटर विचारतं, रस्ता आहे का? आहे. बल्ब विचारतो, रस्त्यानं बैलगाडी जाईल का? जात नव्हती." मग अहिराणीत आला. "तुना मशीनले दहा रोग दिसनात. मना दिवाले एकच!"

तेजूनं काय करावं? टेस्ट लॅम्प हातात घेतला आणि डोक्याला लावला, देवाच्या प्रसादासारखा.

भटू आत गेला. मला वाटलं पाणी प्यायला. जाऊन बघते तर एकटाच उभा राहून हसत होता!

* * *

अमळनेरच्या शेठजींची गाडी आली तेव्हा थंडी होती. शेठजींचं जिनिंग, कापसाचा मोठा व्यवहार. मूळचे मारवाडचे, जैन, पाण्यातला किडाही मरू नये म्हणून जपणारे. गाडी कायम कापसाच्या गोदामात उभी.

तेजूनं बॉनेट उघडलं आणि आत गादी! उंदरानं कापसाचा पुंजका-पुंजका आणून असं मऊ घर केलेलं, की मलाच झोपावंसं वाटलं. आणि उशाशी पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर, कुरतडून दोन तुकडे.

तेजूनं वायर डाक देऊन जोडली, वर नळी चढवली. लाइट गेली. म्हणाली, "शेठजी, पिंजरा लावा."

"अरे बेटा, पिंजरा नाही. कुणाला कोंडायचं नाही, मारायचं नाही."

"मग ते परत वायर खातील आणि ही गाडी परत येईल!" तेजूचा आवाज चढला. बिचारीची धास्ती वेगळीच होती ना! एक गाडी परत आली की पुणं. हायवेवरच्या चहावाल्यापासून शेठजींपर्यंत सगळ्यांना ती पैज ठाऊक होती.

शेठजींनी विचार केला. "मी त्यांना दुसरीकडे जेवण लावतो."

आणि लावलं! गोदामाच्या दुसऱ्या टोकाला रोज वाटीभर बाजरी. महिन्याभरानं धुळ्याला आले तेव्हा मुद्दाम सांगायला थांबले.

"तेजू, गाडीत एक उंदीर नाही. सगळे राजीखुशी तिकडे गेले."

"वा शेठजी!"

"हां. फक्त तिकडे मुनीमजींची स्कूटर असते. ती आता चालू होत नाही."

* * *

आखाजी दोन दिवसांवर आली. तोवर एकही गाडी परत आलेली नव्हती. खिळ्यावरचं पत्र पिवळं पडत चाललं होतं आणि तेजू त्याच्याकडे बघून शिट्टी मारायला लागली होती.

त्या दिवशी ती मैत्रिणीच्या साखरपुड्याला जळगावला गेली. आणि नेमके शेठजी आले. आता लाइट नव्हती. पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येत होता. बेअरिंग गेलं होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन लग्नाला जायचं होतं, म्हणून घाई.

भटू म्हणाला, "बसा शेठ, मी करतो."

जुनं बेअरिंग काढलं, नवं आणलं. मी माझ्या सीटवरून म्हटलं, "भटू, आकडा देऊ का?"

"माय, मी बेअरिंग काय आज बसवतोय?"

मी मेथीत तोंड घातलं.

बेअरिंग बसलं, आवाज गेला, शेठजी खूश होऊन गेले. चक्कर मारून बघायलाही कुणाला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर अर्धं वर गेलं नाही तोच शेठजींची गाडी दारात. मागच्या सीटवर त्यांच्या घरच्या बायका, नटूनथटून. शेठजी मी कधी रागावलेले पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले.

"भटूभाई! तीच पिवळी लाइट! काल रात्री धुळ्याबाहेर पडलो नाही तोच लागली! हेच चाक, हीच लाइट! पोरीनं वायर जोडली ती तीन-चार महिने टिकली, बस? मी आता बायकापोरांना या गाडीत बसवून जाऊ?"

तेजू समोरच उभी होती. तिचा चेहराच उतरला.

गाडीखाली गेली. तिनं जोडलेल्या वायरीला हात लावला, ओढून बघितली. मजबूत. सेन्सर तपासला, ठीक. चाक फिरवलं, स्कॅनरवर शून्य. चाकाच्या मधे नवंकोरं बेअरिंग चकाकत होतं. तेजूनं सेन्सर भोकातून बाहेर काढला.

आणि माझ्या अंबाड्याकडे बघितलं.

मी आकड्याला हात घातलाच होता. पण तिनं मान हलवली. नको.

उठली, हात पुसले आणि म्हणाली, "शेठजी, या चाकाचं काम माझ्या नावावर आहे. दुपारपर्यंत करून देते. चूक झाली."

शेठजी शांत झाले. म्हणाले, "भटूभाई, पोर हुशार आहे. पण पुण्याला पाठवतो आहेस ते बरंच करतोस."

भटू हत्यारांच्या फळीपाशी उभा होता. त्याची पाठ आमच्याकडे. समोर खिळा, खिळ्यावर पत्र. टेस्ट लॅम्प त्याच्या हातात होता आणि त्याची वायर तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, गुंडाळत होता.

मी माझी जीभ दातांत धरली. आयुष्यात एवढा वेळ मी कधीच गप्प बसले नसेन.

भटू वळला. टेस्ट लॅम्प टेबलावर ठेवला. माझ्यापुढे येऊन हात पसरला.

"माय, तुना आकडा दे."

मी दिला. केस मोकळे झाले, होऊ दिले.

त्याचे गुडघे दुखतात. तरी तो चाकाशी खाली बसला. शेठजींना म्हणाला, "शेठ, वाका जरा. बघा." सेन्सरच्या भोकातून आकडा आत धरला आणि सोडला.

टिन्न.

परत धरला.

टिन्न.

"तेजूनं जोडलेली वायर पक्की आहे," भटू म्हणाला. "बेअरिंग मी बसवलं. उलटं."

मागच्या सीटवरच्या बायका बांगड्या धरून बसल्या होत्या.

शेठजींनी आकड्याकडे बघितलं. भटूकडे बघितलं. मग खिळ्यावरच्या पत्राकडे बघितलं.

"म्हणजे भटूभाई," ते म्हणाले, "पुण्याला तुला जावं लागणार?"

दुपारच्या आत नवं बेअरिंग बसलं. तेजूनं बाजू बघितली, भटूनं दाबून बसवलं. मग चक्कर मारायला गेले तेही दोघं. लाइट लागली नाही. शेठजींना लग्नातली जेवणाची पंगत तरी सापडली.

आणि दुसऱ्या दिवशी आखाजी. गल्लीतल्या निंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणींची गाणी चालली होती. माझ्याही दोन लेकी आल्या होत्या. भटू बाजारातून रसाचे आंबे घेऊन आला. पिशवीतून आंबे काढले आणि खालून एक पाकीट काढलं. अंबाड्याचे आकडे! नवेकोरे, काळे, चांगले दोन डझन.

माझा जीव सुखावला. इतक्या वर्षांत या पोरानं माझ्या केसांसाठी कधी काही आणलं नव्हतं. मी हात पुढे केला.

भटूनं पाकीट उचललं, गॅरेजात गेला आणि हत्यारांच्या फळीवरच्या त्या खिळ्याला अडकवलं. त्या खिळ्यावर आता पुण्याचं पत्र नव्हतं.

"माय, हात नको लावू," तो म्हणाला. "ते गॅरेजनं शे."